शंभरामागे पावणेदोन

बँकेचं पाकीट आलं तेव्हा
मनगटापर्यंत पिठात होते मी.
इव्हेतनं फोडलं, मोठ्यानं वाचलं:
मॅडम मेलांसों, आपली खास निवड झाली आहे.
एवढ्या आदबीनं मला
लग्नाचंही कुणी विचारलं नव्हतं.

पहाटे चारला, भट्टी तापेस्तोवर
मैद्याच्या रिकाम्या पिशवीवर हिशेब मांडला.
वर्षाची फी एकशेवीस.
किराणा, पेट्रोल, औषधं, पोराचे हॉकीचे स्केट,
धरून चालू महिन्याला नऊशे.
शंभराला दोन परत, म्हणजे वर्षाकाठी दोनशे सोळा.
वजा फी. उरले शहाण्णव.
आणि ते बिनफीचं साधं कार्ड,
शंभराला एकच देणारं,
एकशेआठ देतं.
पुन्हा मांडलं. पेन्सिलीला टोक काढून मांडलं.
एकशेआठच.

म्हणजे सोनेरी कार्ड परवडायला
महिन्याला शंभर जास्त उडवायचे,
तेव्हा कुठे बरोबरी.
आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकून होते.
इथे कोहळा माझा,
आणि आवळाही माझ्याच झाडाचा.

भाचा रेमी, टोरोंटोला असतो,
गेल्या साली पॉइंटांवर लिस्बनला जाऊन आला.
फुकट, मावशी, अगदी फुकट.
तिथल्या समुद्राचे, माशांचे फोटो दाखवले
मला, शेदियाकच्या किनाऱ्यावर जन्मलेलीला.
मी विचारलं, विमानात तेल कुणी भरलं?
म्हणाला, कुणीच नाही.

या कुणीच नाहीला मी ओळखते.
कार्डाच्या यंत्रवाल्यांचा महिनाअखेरी कागद येतो,
त्यावर तिचं नाव असतं, दुकानाच्या पत्त्यासकट:
शंभरामागे पावणेदोन कापले.
म्हणून तर मार्चमध्ये
पाव पंचवीस सेंटांनी वाढवला मी.
सगळ्यांना.

सगळ्यांत आलीर आला.
शेवंडांचे पिंजरे टाकतो, कार्ड बाळगत नाही,
नाणी मोजून ठेवतो काउंटरवर,
त्यांना आमिषाच्या हेरिंगचा वास येतो,
मी ती वेगळ्या डब्यात टाकते.
लांबचा पूल ओलांडून समोरच्या बेटावर गेला असेल,
त्यापलीकडे कधी नाही,
आणि रोजच्या पावातून
रेमीला लिस्बनला धाडतो.
मी त्याला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर म्हणाला असता,
पोरगा पोचला ना नीट?

कार्ड घेतलं.
हो, घेतलंच. ते बिनफीचं.
तत्त्वानं भट्टी पेटत नाही,
आणि न घेतल्यानं माझे पावणेदोन
काही घरी परतणार नव्हते.
पंधरा तारखेला बिल आपोआप भरलं जाईल असं करून ठेवलं,
कारण एक महिना विसरलं
की वीस टक्क्यांचं व्याज
दीड महिन्याची कमाई एका घासात गिळतं.
तोंडही पुसत नाही.

वर्ष भरलं. यादी उघडली,
माझ्या पॉइंटांत काय काय बसतं ते पाहिलं.
सूटकेस बसत होती, विमान बसत नव्हतं.
रिकामी सूटकेस घेऊन जायचं कुठे?
टोस्टर मागवला.
पाववालीला टोस्टर!
इव्हेत पोट धरधरून हसली.

काल तो खोका आलीरसमोर ठेवला.
आतली एखादी तार तरी
त्याच्या पैशांची असणार.
त्यानं खोका उलटसुलट केला,
केवढ्याला पडला, विचारलं.
मी म्हटलं, फुकट.

त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मी रेमीकडे पाहिलं होतं तसं,
आणि पावाची नाणी मोजायला घेतली.