तिसऱ्या मण्यापाशी

सकाळचे सहा पन्नास. प्रेस्टनच्या बस स्टेशनवर
माझी बस माझ्या डोळ्यांदेखत निघते
आणि मी संत ख्रिस्तोफरला म्हणते, बाबा रे,
तू तर लोकांना खांद्यावर घेऊन नदी पार करायचास,
मला निदान रिबलच्या पलीकडे, पेनवर्थमला सोड.

ड्रायव्हिंगची परीक्षा तीनदा बुडाली.
तिसऱ्या वेळी परीक्षक म्हणाला, "तुम्ही फार कचरता."
खरंच आहे. गोल चौकात पाळी कुणाची
हे कळेपर्यंत मी सगळ्यांनाच पुढे जाऊ देते.

दोन घरांमधल्या चालण्याचे पैसे मिळत नाहीत.
फोनवर कंपनीचं घड्याळ:
विनिफ्रेड रिमर, वय एक्याण्णव, तीस मिनिटं.
अंघोळ, गोळ्या, लापशी.
त्यात आज दातांची कवळी हरवलेली.
बाईंनी सांत अंतोनला भिंतीकडे तोंड करून
उभं केलंय. सापडेपर्यंत असाच राहा म्हणे.
मला हसू फुटतं. भुईगावात माझी आई
त्याला तांदळाच्या डब्यात उलटा खुपसायची
एका कुड्यासाठी.
बिचारा. दोन्ही देशांत शिक्षाच भोगतो,
तरी कवळी चपलेत सापडते
आणि कुडंही सापडलं होतं, केळीच्या आळ्यात.

हे सगळं मी एल्रॉयला सांगणार होते.
नववीत आहे. मराठीला हल्ली तो
खांदे उडवून उत्तर देतो.
संत मोनिका सतरा वर्षं रडली,
मग कुठे पोरगा वळणावर आला.
सतरा वर्षं!
तिला दुसऱ्या दिवशी सहाला उठायचं नसावं.

शेवटची पाच मिनिटं रोझरीची.
कंपनीच्या यादीत ती नाही.
बाई पहिला अर्धा भाग इंग्रजीत म्हणतात, लँकशरी हेल काढून,
उरलेला अर्धा मी मराठीत.
मरियेला चालतं. निदान अजून तक्रार आली नाही.

आज बाई तिसऱ्या मण्यावर अडल्या.
तोच मणी. तोच नमस्कार. पुन्हा तोच.
बोट पुढे सरकायचं विसरलं होतं.
मीही म्हणत राहिले, सात वेळा, नऊ वेळा,
आता आणि आमच्या मरणसमयी,
आता आणि आमच्या मरणसमयी,
फोन थरथरला, पुढचं घर वाट बघतंय,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
माझं लक्ष त्या शब्दाकडे गेलं.
दोनच वेळांसाठी मागतो आपण. मरताना, आणि आता.
गुरुवारची परीक्षा त्यात नाही.
भाडं नाही, सतरा वर्षं नाहीत.
आता. म्हणजे हा ओला टॉवेल,
ही लापशी, हे कागदासारखं पातळ बोट.

मी ते बोट धरून एक मणी पुढे सरकवलं.
बाई म्हणाल्या, "अगं हो की,"
आणि झरझर पुढे निघाल्या,
जणू कधी थांबल्याच नव्हत्या.

मला चार मिनिटं उशीर झाला. तो कापतील.

रविवारी मिस्सा संपल्यावर शायनीची जुनी कोर्सा,
शेजारी शायनी, मागे एल्रॉय, कानांत बोंडं खुपसून.
गोल चौक आला. मी थांबले.
एक व्हॅन गेली. एक लाल गाडी. सायकलवाला.
मग रस्ता मोकळा, तरी मी थांबलेलीच,
तिसऱ्या मण्यापाशी.
शायनी काही बोलली नाही.
मागून आवाज आला, जाड, नुकताच फुटलेला:
"जा ना, मम्मी. आता."

मराठीत.

इंजिन एकदा बंद पडलं.
मागच्याने हॉर्न दिला.
पण गेले.