चित्राची पाठ

मिलबँकच्या तळघरात
चित्र उपडं ठेवलंय घोंगडीवर.
मला तपासायची आहे फक्त पाठ.

ब्रेमेनच्या दुकानाची निळी चिठ्ठी.
कस्टमचा शिक्का : रंगवलेलं कापड, नग एक.
मग पेन्सिलीनं, कुणा थ्रेलफॉलचं तिरकं अक्षर :
'विश्वस्तांनी पाहिलं. विकत नको.
देणगी आली तर बघू.'

फुकट ते पौष्टिक.
आलं एका विधवेकडून, लागलं जिन्याखाली
ओल्या छत्र्यांच्या स्टँडशेजारी.
तो तपकिरी डाग तिथलाच.

पुढची वीस वर्षं
पाठीवर काहीच नाही.

नंतर चिठ्ठीवर चिठ्ठी : ओसाका, टोरांटो, ऑस्लो,
विम्याच्या आकड्याला दर खेपेस नवं शून्य,
आणि 'परकीय' या शब्दावर नेमकं
'राष्ट्रीय संग्रह' असं लेबल.
गोंद सुकलाय. कड जराशी उचलते,
खालची शाई अजून जांभळी.

'चिकटवून टाक,' ग्विलिम म्हणतो.
उद्या, मी म्हणते.

सोमवारी पेटी निघेल साओ पावलोला.
पाठराखीण म्हणून मी जायचं आहे.
चित्राचे कागद आलेत,
माझा व्हिसा
अजून आलेला नाही.