निवताना

एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत चटईचा कारखाना.
दुधी दाणे येतात, साबुदाण्याएवढे, पंचवीस किलोच्या गोणीत.
यंत्र ते दोनशे तीसवर वितळवतं,
फटीतून पातळ पडदा हौदातल्या पाण्यात सोडतं.
मग पट्ट्या, मग ताण, मग माग.
माझं काम: तपासणी. एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक,
आणि वर पंखा, जो गरम वाराच फिरवतो.

मे लागला आणि पट्ट्या तुटू लागल्या.
निसार मणियार, एकवीस वर्षं त्याच यंत्रावर,
तुटकं टोक दाताखाली धरून म्हणाला,
"माल रुसलाय मॅडम."
रजिस्टरात रुसण्याचा रकाना नाही.

मी एक तुकडा काचेवर वितळवला
आणि निवताना बघत बसले.
साखळी सुतळीएवढी जाड धरली
तर लांबी माझ्या टेबलापासून हौदापर्यंत भरेल.
अशा कोट्यवधी, एकमेकींत गुंतलेल्या,
कुणाचं टोक कुणाच्या पोटात, पत्ता नाही.
गरम असतात तोवर त्यांना बसायचं नसतं.
ऊन उतरलं की एखादी सरळ होते,
थोडं अंतर जाते, वळते, तेवढंच परत येते,
पुन्हा वळते.

कुरडईसारखं, असं मी वहीत लिहिलं.
खोडलं. कुरडई गोल फिरते, सोऱ्यातून पडेल तशी.
हे म्हणजे निऱ्या:
एका उंचीच्या, चिमटीत धरलेल्या,
फक्त कुणाचीच चिमटी नाही.
वळलेली साखळी शेजारच्याच घडीत शिरते
की भटकून दुसरीकडून आत येते,
यावर पुस्तकं भांडली आहेत. मी भांडत नाही.
मला पट्टी तुटायला नको आहे.

दोन काचा आडव्या-उभ्या लावल्या
की अंधार होतो, आणि अंधारात फुलं उमलतात.
प्रत्येक फुलावर एक काळी फुली.
हिरकणबाई झाडू टेकवून आली,
"काय देखी ऱ्हायनी वं माय?"
डोळा लावला. बराच वेळ बोलली नाही.
"आठे ते फुलं शेतस!"

फुलंच. आणि तोच घोटाळा.
हौदाचं पाणी त्या दिवशी बेचाळीस होतं.
सावकाश निवायला मिळालं
की साखळी निवांत स्वतःला पूर्ण आवरते,
शेवटचा पदरसुद्धा आत ओढून घेते.
फुलं मोठी होतात, देखणी होतात,
आणि दोन फुलांच्या मधल्या बांधावरून
पलीकडे जाणारं कुणी उरत नाही.
तडा नेमका त्याच बांधाने धावतो.

धरून ठेवतात त्या वेगळ्याच:
अर्ध्या एका घडीत,
मधे थोड्या मोकळ्या, विस्कटलेल्या,
उरलेल्या दुसऱ्या घडीत.
हे मी सांगत होते निसारभाईंना,
उत्तर हिरकणबाईने दिलं, पोतं झटकत:
"मी आर्धी आठे, आर्धी पारोयाले."
आणि हसली. मी वहीत लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

दुपारी तीनला रिक्षातून बर्फ आला,
चार लाद्या, भुसा लागलेल्या, गोणपाटात.
शेठ म्हणाले, हिशेब कुणाच्या नावावर?
निसारने पहिली लादी ढकलली,
हौद एकदा करकरला.
थर्मामीटर उतरत गेला, अडतीस, तेहतीस, अठ्ठावीस.
पडदा पाण्यात शिरताच दचकल्यासारखा आकसला,
साखळ्यांना जागा निवडायला वेळच मिळाला नाही.
बारीक बारीक फुलं, एकमेकांत घुसलेली,
कुणाचं घर धड नाही.

संध्याकाळपर्यंत दोनदाच तुटली.
निसारने चटईचा कोपरा मुडपला, पुन्हा मुडपला,
पांढरी रेघ उमटते का ते दिव्याखाली पाहिलं,
आणि काही न बोलता दुसरी गोणी फोडली.

हिरकणबाई बर्फाचा तुकडा पदरात बांधून
बसथांब्याकडे निघाली होती.
पदरातून पाणी गळत होतं.
पारोळ्यापर्यंत त्यातलं किती पोचेल
ते तिलाही माहीत होतं.