चकवा

रुवैस सोडलं की सिलाच्या रस्त्यावर
जानेवारीत असं धुकं उतरतं
की ट्रकला स्वतःचं नाक दिसत नाही.
धुक्यात ट्रकना बंदी असते,
पण धुकं कुठे वेळापत्रक बघून येतं.
तेव्हा गाड्याच एकमेकींना सांगत राहतात:
मी इथे आहे, इतक्या वेगात, आत्ता ब्रेक दाबला.
सेकंदाला दहा वेळा.
माझं काम एवढंच,
सांगणारी खरंच गाडी आहे ना, ते पाहणं.

तीन वाजून दहा मिनिटांनी
एकेचाळीस जणी एकदम बोलल्या:
पुढे अपघात. थांबा.
सगळ्यांचा वेग एकच, दशांशापर्यंत.
नकाशावर पाहिलं, तर साऱ्या उभ्या
खाऱ्या दलदलीत,
जिथे उंटही पाय टाकताना विचार करतो.
मांडीवर लॅपटॉप घेऊन कुणी एकटाच
एकेचाळीस तोंडांनी बोलत होता.

बाबा गुहागर डेपोला होते.
घाटात समोरून येणारा ड्रायव्हर
खिडकीतून हात काढून तळवा खाली दाबायचा:
दमानं, पुढे दरड आलीय.
नाव माहीत नाही, गाव माहीत नाही,
पण एकतीस वर्षांत, बाबा म्हणायचे,
खोटा हात कुणी दाखवला नाही.
आणि चकवा लागला तर?
तर गाडी बाजूला घ्यायची. उजाडू द्यायचं.

इथे उजाडेस्तोवर कोण थांबतंय.
मागून कोळंबीचा कंटेनर घेऊन ताज गुल,
त्याच्यामागे आणखी सतरा.
तो घाबरून मधोमध थांबला असता तर
मी एकेकीचा दाखला रद्द करत गेले.
एकेचाळीस झाल्या. मग बेचाळीसावी,
क्षीण, अडखळत, दाखल्याची मुदत संपलेली:
मी थांबलेय.
हात लागलेलाच होता.
तिलाही काढून टाकली.

पहाटे ताज गुलचा फोन.
बहनजी, स्क्रीन म्हणत होता रस्ता मोकळा.
मला एक पांढरं फडकं दिसलं.
बाप पिकअपचं चाक बदलत होता,
मागे दोन मेंढ्या,
आणि पोरगं रस्त्यात उभं राहून
हात असा, असा करत होतं.
असा म्हणजे कसा,
ते मी विचारलं नाही.

अहवालात लिहिलं: हल्ला परतवला. खोट्या गाड्या बेचाळीस.
खोडलं. एकेचाळीस केलं.
मग साहेब यायच्या आत,
कुणाला न विचारता,
त्या एकीचा दाखला नवा करून दिला.