शब्दामागे सात रुपये

नारायण पेठेत, छोट्या जाहिरातींच्या खिडकीमागे
अकरा वर्षं मी शब्द मोजले.
पेन्सिलीचं टोक एकेकावर टेकवत जायचं,
पंधराच्या पुढे शब्दामागे सात रुपये.
'कै.' हा शब्द धरायचा का,
यावरून लक्ष्मी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल
असं भांडलेली माणसं मी पाहिली आहेत.

एका दुपारी उकिडवे आले.
कागदावर बायकोचं नाव, आणि खाली
वारली, निवर्तली, देवाज्ञा झाली:
तिन्ही लिहून तिन्ही खोडलेलं.
'गेली' ठेवा, म्हणाले. घरात तेच म्हणतोय आम्ही.
रिवाज म्हणून मी वर 'दुःखद निधन' सुचवलं.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला.
ते नको.
त्या दोन शब्दांत
'पेटी वाजवायची' बसतं का बघा.

बसलं. पैसे तेवढेच झाले.

तेव्हापासून पहाटे, दूध वर यायच्या आत,
मी चार ओळी लिहिते. रोज.
बहुतेक खोडते.
'अथांग' गेलं, 'हळुवार' गेलं,
'जणू'ची तर हकालपट्टीच.
भरलेल्या वह्या रद्दीवाला किलोवर नेतो,
तिथे शब्द कोणी मोजत नाही.

या आठवड्यात एकच ओळ उरली आहे:
खिडकीच्या फळीवर शिसाची भुकटी.
'भुकटी' की 'भुगा',
तीन दिवस झाले, ठरत नाही.
दूध मात्र दोनदा उतू गेलं.