न भाजलेली काच

बुरेलाच्या लिलावघरात पहाटे चारला
आई माशाचे कल्ले उघडून वास घ्यायची.
एकेचाळीस वर्षं. तिनं मान हलवली नाही
तर पेटी बाजूला, बोटवाला कितीही ओरडो.
देल्मिराचं नाक, म्हणायचे सगळे,
जणू ते बंदराच्या मालकीचं, वजनकाट्यासारखं.

मग एका हिवाळ्यात ताप आला
आणि उतरताना वास घेऊन गेला.
ती कुणाला बोलली नाही. वाकायची तशीच,
माशाचा डोळा बघायची, बोटानं दाबायची,
आणि श्वास आत ओढायची
सवयीनं.

मी तिच्यासाठी काच केली.
भट्टी नाही, फुंकनळी नाही.
सिलिकाचं द्रावण, अल्कोहोल, पाणी, आम्लाचे दोन थेंब,
चिमूटभर पिवळा रंग.
झाकणाला सुईनं एकच भोक पाडायचं
आणि तीन आठवडे घाई करायची नाही.
घाई केली की तडा.
पहिल्या सतरा तड्यांची वही आहे माझ्याकडे.

आधी ते दह्यासारखं धरतं, मग आक्रसतं.
रंग आत अडकतो, इतक्या बारीक छिद्रांच्या घरात
की त्याला बाहेर पडता येत नाही,
पण हवा येऊन जाऊ शकते.
मासा नासू लागला की अमाइन सुटतात,
आत शिरतात, रंगाकडचा एक प्रोटॉन काढून घेतात
आणि पिवळ्याचं निळं.

नखाएवढा तुकडा. तिच्या एप्रनच्या बिल्ल्याआड लपवला.
आठवड्यात सिप्रियानोच्या दोन पेट्या परत गेल्या.
तो शिव्या देत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

रविवारी माझ्या स्वयंपाकघरात
मासा नव्हता. बटाटे उकडत होते.
नवा तुकडा मी उजेडाला धरला,
ती चष्म्याशिवाय बघायला आली,
तोंड अगदी काचेपाशी.
"ह्याला तडा नाही गं कुठे," म्हणाली.

काच निळसर झाली.

थकलेली मूत्रपिंडं जे गाळत नाहीत
ते श्वासातून येतं, हे मी वाचलं होतं कुठेतरी,
दुसऱ्याच कामासाठी.
तिला स्वतःला तो वास कसा येणार?

मी खिडकी उघडली. समुद्राकडचा वारा.
काच हळूहळू पुन्हा पिवळी झाली.
तिला विसरता यावं
यासाठीच तर मी तीन वर्षं घालवली होती.

"पाय कधीपासून सुजतात?" मी विचारलं.
आईनं बटाट्यांखालचा गॅस बारीक केला.
"कुणी सांगितलं तुला?"