पोच

कामाचा अर्ज देल्ला त्या दिवशी
चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढली.
पंधराव्या रेघीले हात थांबला,
त्याच्या पुढं भत्ता लागू होते म्हनत.
मी ओढतच रायली. एकेचाळीस.

पंचायतीनं लेहलं :
सुगंधा कुमरे यांनी काम मागितलेच नाही.

कुरखेड्याच्या कोर्टात, झेरॉक्सच्या बाजूले
फुकटवाली वकील बसते, नंदेश्वर बाई.
म्हने, पोच हाय का?
मी म्हनलं, भिंत हाय.
बाई हासली नाई.
भिंत तहसीलात नेता येत नाही, मावशी.

मंग राशनकार्डाच्या पन्नीतून निंगाली चिठ्ठी,
हळदीनं पिवळी, तारीख मातर साबूत.
बाईनं चष्मा काढून दोनदा वाचली.

अपिलाची सुनावनी बावीसले.
घरी येऊन कोळसा शोधला.
जुन्या रेघा पुसवल्या नाई;
देवाच्या भिंतीवर एक ओढली.